हरताळ, हिंगूळ आणि विजेरी : पोथीवाचनातील प्रकाशाचा विचार

जुन्या पोथीचे वाचन हा लिपीचा व भाषेचा प्रश्न आहे, तसाच तो प्रकाशाचाही प्रश्न आहे. पाठचिकित्सेच्या ग्रंथांत लेखकदोष, पाठभेद, प्रतींची परंपरा यांची चर्चा विस्ताराने केलेली असते. परंतु वाचकाने ती पोथी कोणत्या उजेडात वाचली, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. माहूर, कंधार, औसा, उदगीर अशा जुन्या वसतींच्या प्रदेशात मठातील वा घराण्यातील दप्तर उघडणाऱ्या अभ्यासकास बहुधा अंधाऱ्या खोलीत बसावे लागते, आणि हातातील विजेरी हाच त्याचा आधार असतो. या साधनाचा इतिहास पाहिला असता एक गोष्ट ध्यानात येते : प्रकाश वाढत गेला, पण त्या प्रमाणात रंगांची ओळख वाढली नाही.

प्रथम शब्दांकडे पाहावे. 'दिवटी' हा शब्द संस्कृत 'दीपवर्ति'पासून आला. माहूरच्या रेणुकेच्या गोंधळात आणि माळेगावच्या खंडोबाच्या जागरणात त्या वस्तूचे स्थान आजही टिकून आहे. 'मशाल' आणि 'कंदील' हे मूळचे अरबी शब्द फारसीच्या द्वारे मराठीत रुळले. 'चिमणी' हा इंग्रजी शब्द दिव्यावरील काचेच्या नळीचा वाचक; मराठीत मात्र तो रॉकेलच्या लहान दिव्यालाच लागला, इतका की काच नसलेला दिवाही चिमणीच ठरला. 'बॅटरी' या शब्दाची गतीही अशीच झाली. अंगाचे नाव अंगीला मिळाले, आणि 'विजेरी' हा घडविलेला शब्द ग्रंथात राहून खेड्यापाड्यांत 'बॅटरी'च प्रचलित झाली. हातात धरावयाच्या विजेरीचे अमेरिकन पेटंट १८९९ मध्ये डेव्हिड मिसेल यांस मिळाले. तीत शुष्क विद्युत्‌घट व तापतंतूचा दिवा यांचा संयोग होता, आणि ही रचना पुढे जवळजवळ शंभर वर्षे मुळात बदलली नाही.

ज्योत असो वा तापतंतू, दोन्ही तापलेल्या पदार्थाचे प्रकाश होत. त्यांचा वर्णपट अखंड असतो. त्यात तांबडा भाग विपुल आणि निळा भाग अल्प असतो. प्रकाश-उत्सर्जक डायोडाची, म्हणजे एलईडीची, प्रकृती वेगळी आहे. निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तांबड्या प्रकाशाचा डायोड सिद्ध केला. तेजस्वी निळा डायोड १९९३ मध्ये शुजी नाकामुरा यांनी जपानच्या निचिया कंपनीत साध्य केला, आणि १९९६ मध्ये निळ्या डायोडावर पिवळी दीप्ती देणाऱ्या फॉस्फराचा लेप देऊन पांढरा प्रकाश मिळविण्यात आला. निळ्या डायोडाबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु निळा आणि पिवळा मिळून डोळ्यास पांढरा भासणारा हा प्रकाश गडद तांबड्या भागात दुबळा असतो. यास आर्थिक कारणही आहे. मानवी डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरवट पिवळ्या प्रकाशास, सर्वाधिक प्रतिसाद देतो, आणि ल्युमेन हे माप त्याच प्रतिसादावर बेतलेले आहे. गडद तांबड्या प्रकाशावर खर्च केलेली वीज ल्युमेनच्या आकड्यात फारशी भर घालीत नाही. बाजारात आकडाच विकला जात असल्यामुळे तांबड्याचा बळी गेला.

रंगप्रत्यय मोजण्याची आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाची पद्धत १९६५ मध्ये ठरली व १९७४ मध्ये सुधारली गेली. परीक्ष्य प्रकाशात रंगाचे ठरावीक नमुने कसे दिसतात, याची तुलना त्याच वर्णतापमानाच्या प्रमाण प्रकाशाशी करावयाची, आणि पहिल्या आठ नमुन्यांच्या गुणांची सरासरी काढावयाची, हाच रंगप्रत्ययांक. पूर्ण साम्य असल्यास तो १०० येतो. हे आठ नमुने फिकट रंगांचे आहेत. नववा नमुना, म्हणजे गडद तांबडा, सरासरीत धरलेलाच नाही. यामुळे ८० अंकाच्या पांढऱ्या एलईडीचा नवव्या नमुन्याचा गुण शून्याच्या आसपास असणे शक्य होते. पुढे २०१५ मध्ये अमेरिकेतील प्रदीपन अभियंत्यांच्या संस्थेने ९९ नमुन्यांची पद्धत सुचविली, ती याच उणिवेमुळे.

या गणिताचा पोथीशी संबंध दोन द्रव्यांमुळे येतो. लेखक काळ्या शाईने मजकूर लिहीत. अध्यायसमाप्ती, वक्त्यांची नावे वा दंड हिंगुळाने किंवा गेरूने रंगवीत. आणि चुकलेले अक्षर हरताळ लावून बुजवीत. हिंगूळ हा पाऱ्याचा गंधकयुक्त तांबडा क्षार आणि हरताळ हा सोमलाचा पिवळा. 'नियमाला हरताळ फासणे' हा वाक्प्रचार या लेखनव्यवहारातूनच आला असून 'संप' या अर्थाच्या 'हरताळ' शब्दाशी त्याचा संबंध नाही. पहिला संस्कृत 'हरिताल'पासून, दुसरा 'हट्ट' म्हणजे बाजार आणि 'ताला' म्हणजे कुलूप यांच्या संयोगातून झालेला आहे.

तांबड्यात दुबळ्या असलेल्या एलईडीखाली हिंगुळाची रेघ तपकिरी दिसते. झिजलेल्या पानावर ती काळ्या शाईपासून वेगळी ओळखणे कठीण होते, आणि वक्त्याचे नाव मजकुरात मिसळते. उलट, ज्योतीच्या प्रकाशात निळा भाग अल्प असल्यामुळे पिवळा हरताळ जुन्या पिवळट कागदात विरून जातो. खाली पुसटपणे दिसणारे रद्द अक्षर मग ग्राह्य पाठ म्हणून उतरले जाण्याचा धोका संभवतो. येथे रंगप्रत्ययांकाची दुसरी मर्यादा उघड होते. तुलना त्याच वर्णतापमानाच्या प्रकाशाशी होत असल्यामुळे सुमारे १९०० केल्विनच्या ज्योतीचा अंकही १०० च्या जवळ येतो, आणि तरीही हरताळ दिसत नाही! सारांश, केवळ उच्च अंक पुरेसा नाही. वर्णतापमानही पाहिले पाहिजे.

यावरून पोथीवाचनासाठी विजेरी घडवून घेताना निवडीचे निकष ठरतात. वर्णतापमान ४००० ते ५००० केल्विन, रंगप्रत्ययांक ९० हून अधिक, आणि नवव्या नमुन्याचा गुण किमान ५० असावा; तो जितका अधिक तितका बरा. एकाच नावाचे डायोड निरनिराळ्या प्रतींत वर्गून विकले जातात. म्हणून नावापेक्षा वर्ग पाहणे अगत्याचे. प्रकाशात हिरवट छटा आहे काय, हेही तपासावे. मापन सुट्या डायोडाचे न करता भिंग व परावर्तक बसवून, विजेरी काही मिनिटे तापल्यावर करावे. कारण उष्णतेने व भिंगाने छटा बदलते. वर्णपटमापक उपलब्ध नसल्यास हिंगूळ, गेरू, हरताळ व काळी शाई यांच्या पट्ट्या जुन्या कागदावर ओढून त्या प्रथम सावलीतील दिवसाच्या उजेडात आणि नंतर विजेरीखाली पाहाव्यात. हे परीक्षण स्थूल असले तरी वाचनाच्या प्रयोजनास थेट लागू पडते.

तेजाचीही मर्यादा आहे. हस्तलिखितांसाठी संग्रहालयांत ५० लक्स ही मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. प्रखर विजेरी पानाजवळ धरल्यास ती सहज अनेक पटींनी ओलांडली जाते. म्हणून मंद पातळी व प्रकाश पसरविणारी दुधी काच हे अलंकार नव्हेत, ती आवश्यक अंगे होत. शिलालेखांची गोष्ट निराळी. खरोशाच्या लेण्यांतील शिल्पे किंवा उनकेश्वरचा यादवकालीन लेख पाहताना रंगापेक्षा तिरप्या प्रकाशाने पडणारी छाया महत्त्वाची असते, व तेथे साधी विजेरीही काम देते.

तात्पर्य, प्रतीचे वर्णन करताना पत्रसंख्या, आकार, लिपी यांच्याबरोबरच वाचन दिवसाच्या उजेडात झाले की दिव्याच्या, आणि दिवा कोणत्या प्रकारचा होता, याचीही नोंद असावी. पुढील संशोधकास पाठ पुन्हा तपासताना अक्षर चुकले की उजेड चुकला, हे त्यावरून ठरविता येईल.