तळटीप : गोठ्यातील मिथेनची आकारणी

* ग्रंथकर्त्याने येथे दिलेला मिथेनचा आकडा प्रत्यक्ष मोजणीचा नसून गणिताने काढलेला आहे. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटात सूक्ष्मजंतू चाऱ्याचे विघटन करतात, आणि त्यातून उत्पन्न होणारा हा वायू बहुतांशी ढेकरांवाटे बाहेर पडतो. म्हणून खाल्लेल्या एकूण ऊर्जेपैकी सुमारे ६.५ टक्के ऊर्जा अशी जाते असे गृहीत धरून, तिला एक किलो मिथेनमधील ५५.६५ मेगाज्यूल ऊर्जेने भागले असता उत्सर्जनाचा अंदाज हाती येतो. जेथे चाऱ्याचा असा हिशेब दफ्तरी नाही, तेथे आंतरशासकीय हवामान बदल समितीच्या २००६ च्या मार्गदर्शिकेतील ठोक दर लावतात : उत्तर अमेरिकेतील दुभत्या गायीस वर्षाला १२८ किलो, भारतीय उपखंडातील गायीस ५८. दुसरा आकडा लहान पाहून निश्चिंत होणे मात्र सयुक्तिक नव्हे, कारण त्याच कोष्टकात पहिलीचे वार्षिक दूध ८,४०० किलो व दुसरीचे अवघे ९०० धरले असल्याने दुधाच्या किलोमागे वायूचा भार आपल्याच गायीच्या माथी सुमारे चौपट पडतो. तथापि ती शेतीस बैल आणि खत पुरविते याची दखल हा भागाकार घेत नाही, आणि माझ्या मते ही उणीव किरकोळ नव्हे. शेणाच्या साठवणीतून निघणारा मिथेन वरील दरांत समाविष्ट नाही.