ॲपोफिलाइटच्या आतून

दापोऱ्याच्या शिवारात तुम्ही केळीच्या बागेत उभे आहात. पायाखाली काळी माती, तिच्याखाली तापीचा गाळ आणि गाळाच्याही तळाशी काळा पाषाण. आपल्याला त्या पाषाणात उतरायचे आहे, तेही तो पातळ होता तेव्हा.

सुमारे साडेसहा कोटी वर्षे मागे या. केळी नाहीत, तापीही नाही. नजर पोचेल तिथवर लाव्हा पसरला आहे. वरचा थर आधी थिजतो आणि वर निघालेले वायूचे बुडबुडे आत कोंडले जातात. त्यातल्या एका पोकळीत शिरा आणि थांबा. खडक निवतो. भेगांतून गरम पाणी झिरपते. सिलिका, कॅल्शियम, पोटॅशियम आणि किंचित फ्लोरिन घेऊन येते. कालांतराने पोकळीच्या भिंतीवर ॲपोफिलाइट या खनिजाचा दाणा धरतो. चौकोनी, नितळ, टोकाकडे निमुळता.

आता लहान व्हा, अणूएवढे, आणि त्या स्फटिकातल्या एका फ्लोरिनवर उभे राहा. चारी बाजूंना सारख्या अंतरावर चार कॅल्शियम आहेत. पाव वळण घ्या: दृश्य तेच. आणखी एक पाव: पुन्हा तेच. हा झाला चाराचा अक्ष. वर पाहा, सिलिका-ऑक्सिजनचा थर. खाली पाहा, तोच थर उलटा, जणू तुम्ही आरशावरच उभे आहात. हा आडवा आरसा.

सरळ वर चढा. ७.९ अँगस्ट्रॉमवर (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग म्हणजे एक अँगस्ट्रॉम) पुढचा फ्लोरिन असेल असे वाटते, पण तिथे पोटॅशियम बसलेला असतो. फ्लोरिन हवा तर उंची तेवढीच ठेवून तिरके जायचे, पेशीच्या बरोबर मध्यात (पेशी म्हणजे स्फटिकात पुन्हा पुन्हा येणारा ठोकळा; तुम्ही निघालात तो तिचा कोपरा). तिथे पोचलात की नीट बघा. भोवती चार कॅल्शियम आहेतच, पण त्यांचा चौकोन आधीच्यापेक्षा उलट अंगाला वळलेला आहे. म्हणजे मधली जागा कोपऱ्याची हुबेहूब नक्कल नव्हे. नुसते सरकून इथे येता येत नाही. आरशात उलटून मग सरकावे लागते.

हा सगळा प्रवास खनिजशास्त्रज्ञ एका ओळीत लिहितात: पी४/एमएनसी. 'पी' म्हणजे पेशीचे फक्त कोपरेच एकमेकांची खरी नक्कल आहेत. '४/एम' म्हणजे तुमचे पाव वळण आणि पायाखालचा आरसा. 'एन' म्हणजे उभ्या आरशात उलटून अर्धी पेशी बाजूला आणि अर्धी पेशी वर सरकणे. 'सी' हा पेशीच्या तळाच्या कर्णाला काटकोनात असलेला उभा आरसा. त्यात उलटून अर्धी पेशी वर. या लिपीत शोभेचे एकही अक्षर नाही, म्हणूनच मला ती इतकी प्रिय आहे.

बाहेर पडा आणि पुढे या. १६६९ साली स्टेनो क्वार्ट्झबद्दल सांगतो, की स्फटिक लहानमोठे असोत, पृष्ठांमधले कोन बदलत नाहीत. १८३० मध्ये हेसेल हिशेब मांडतो: बाह्य सममितीचे प्रकार ३२, जास्त नाहीत. १८५६ ते १८६३ मध्ये भोर घाटात रेल्वेमार्गासाठी डोंगर फोडताना अशाच पोकळ्या उघड्या पडतात. हातात आलेली गारगोटी कितीही निरखली तरी 'एन' आणि 'सी' दिसत नाहीत. सरकणे काही अँगस्ट्रॉमचे असते आणि पृष्ठ सांगते फक्त दिशा. बाहेरून साधा आरसा आणि सरकता आरसा एकच.

१८९१ मध्ये फ्योदोरोव्ह आणि शोनफ्लीस स्वतंत्रपणे आतले सगळे प्रकार मोजतात: २३०. स्फटिकाच्या आत अजून कोणी डोकावलेलेही नसते! क्ष-किरण स्फटिकातून गेले १९१२ साली. १९३१ मध्ये टेलर आणि नारे-साबो ॲपोफिलाइटची रचना प्रसिद्ध करतात. क्ष-किरणांनी उमटवलेल्या डागांच्या चित्रांत सरकता आरसा गैरहजेरीतून ओळखू येतो: अर्ध्या पेशीच्या सरकण्यामुळे ठरावीक ठिकाणी लाटा एकमेकींना पुसून टाकतात आणि तिथे डागच उमटत नाही. त्याच सुमारास हेर्मान आणि मोगँ यांची ही अक्षरलिपी रूढ होऊ लागते.

जळगावच्या खाणीतला ॲपोफिलाइट किंवा सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातला एखादा नमुना समोर आला, तर आता तुम्हाला आत शिरता येईल. पुण्याजवळच्या वाघोलीचा निळाशार कॅव्हनसाइट घ्या. त्याची ओळ आहे पीएनएमए. एकमेकींना काटकोनात तीन दिशा: पहिलीला आडवा सरकता आरसा, दुसरीला साधा, तिसरीला पुन्हा सरकता. चाराचा आकडा कुठेच नाही. तिथे अर्धे वळण घ्या आणि अर्धी पेशी सरका, पण पाव वळणावर थांबू नका. समोरचे अणू बदललेले असतील.