सूट आणि पंचा : व्यक्तिचित्रांतील वस्त्रांचा अर्थ

व्यक्तिचित्रात चेहऱ्याइतकेच महत्त्व वस्त्रांना असते. माणसाचा दर्जा, जात, वंश आणि त्याने स्वतः स्वीकारलेली ओळख वस्त्रांतून व्यक्त होते. वर्धा जिल्ह्यातील सेलू हे तालुक्याचे गाव नागपूर-वर्धा मार्गावर आहे. त्याच्या एका बाजूस नागपूरची दीक्षाभूमी, तर दुसऱ्या बाजूस वर्ध्यानजीकचे सेवाग्राम आहे. या दोन स्थळांशी दोन परस्परविरोधी प्रतिमा जोडल्या गेल्या आहेत : सुटातील डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि पंचा नेसलेले महात्मा गांधी.

गांधीजींनी वंशभेदाचा अनुभव पाश्चात्त्य पोशाखातच घेतला. १८९३ मध्ये डरबनच्या न्यायालयात त्यांना पगडी उतरविण्यास सांगण्यात आले. पुढे पीटरमॅरित्झबर्ग येथे पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही गाडीतून उतरविण्यात आले. अंगावरचा कोट वर्णाआड येऊ शकला नाही. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराई येथे त्यांनी पंचा स्वीकारला आणि १९३१ मध्ये बादशहा पंचम जॉर्ज यांची भेटही त्याच वेषात घेतली.

बाबासाहेबांचा मार्ग उलट होता. ज्यांना चांगले वस्त्र वापरण्याचीही मनाई होती, त्यांच्यासाठी वस्त्रत्याग हा आदर्श ठरू शकत नव्हता. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे त्यांनी स्त्रियांना लुगडे उच्चवर्णीयांप्रमाणे नेसण्याचे आणि जातीची खूण ठरलेले दागिने टाकून देण्याचे आवाहन केले. त्यांच्या सुटाकडे केवळ साहेबी अनुकरण म्हणून पाहणे म्हणूनच अपुरे ठरते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेच्या वेळी ते शुभ्र वस्त्रांत होते. लोकांनी मात्र घराघरांत निळा कोट, लाल टाय आणि हाती ग्रंथ असलेली प्रतिमाच जपली.

या लोकप्रिय छापील चित्रांना एक मर्यादाही आहे. त्यांपैकी अनेकांत चेहरा उजळ, गुलाबी रंगविलेला असतो. पोशाखाने जुनी उतरंड नाकारली, तरी गोऱ्या वर्णाचे आकर्षण कुंचल्यातून गेलेले नाही.

जुन्या संसद भवनाच्या, म्हणजे आजच्या संविधान सदनाच्या, मध्यवर्ती सभागृहासाठी या दोघांचीही तैलचित्रे तयार झाली. ऑस्वाल्ड बर्ली यांनी रंगविलेल्या गांधीजींच्या चित्राचे अनावरण २८ ऑगस्ट १९४७ रोजी झाले. झेबा अमरोहवी यांनी काढलेल्या आंबेडकरांच्या चित्रास १२ एप्रिल १९९० पर्यंत वाट पाहावी लागली.

अमेरिकेत केहिंदे वायली यांनी कृष्णवर्णीय तरुणांना त्यांच्या रोजच्या कपड्यांत, पण युरोपीय सरदारांच्या ऐटीत रंगविले. तेथेही प्रश्न तोच आहे. कोणी काय ल्यावे आणि कोणाचे चित्र भिंतीवर लागावे, हे कोण ठरविणार? सुटाने आणि पंचाने हा अधिकार आपापल्या परीने स्वतःकडे घेतला.