गोणी आणि गोल्फची पिशवी

रस्ता कोणाचा, असे वर्गात विचारले तर मुले सांगतात, सरकारचा. हाच प्रश्न इतिहासाला विचारला तर उत्तर इतके सरळ येत नाही. वाशीम जिल्ह्यातील मानोरा तालुक्यात पोहरादेवी हे गाव आहे. बंजारा समाज त्याला आपली काशी मानतो. संत सेवालाल महाराजांची समाधी येथे आहे आणि रामनवमीच्या यात्रेला दूरदूरच्या प्रांतांतून माणसे येथे लोटतात. रस्त्याचा विचार करायला याहून योग्य ठिकाण विदर्भात क्वचितच सापडेल.

आज कोणी हौशी गृहस्थ गोल्फच्या काठ्यांची पिशवी मोटारीत टाकून येथून एकटाच निघाला, तर कारंज्याजवळ त्याला समृद्धी महामार्ग लागेल. नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ५ जून २०२५ रोजी पूर्ण खुला झाला. वाटेत थोडे वळण घेऊन त्याने नाशिक पाहावे, पुढे मुंबई गाठावी, शहर हिंडावे, हिरवळीवर चेंडू टोलवावा. टोल भरला की त्याला कोणी हटकणार नाही. कोठून आलास, कशासाठी हिंडतोस, असे कोणी विचारणार नाही. पण ही मोकळीक या वाटेवर सर्वांना सदैव होती, असे मात्र समजू नये.

या मुलुखातल्या वाटा तुडवल्या त्या बंजाऱ्यांच्या बैलांनी. गाडी जाईल असा रस्ता नव्हता, तेव्हा बैलांच्या पाठीवर गोणी लादून तांडा निघे. समुद्रकाठचे मीठ आत येई, आतले धान्य बाहेर जाई. ‘लमाण’ हे नाव ‘लवण’ शब्दावरून आले असे सांगतात. बंजारा एकटा कधी निघत नसे. बायकामुले, गुरे, कुत्री आणि पुढे नायक, असे सारे गावच चालत असे. मोगलांच्या फौजा त्यांच्या धान्यावर जगल्या, मराठ्यांच्या जगल्या आणि इंग्रजांच्याही जगल्या. १८०३ साली आडगावची लढाई आणि गाविलगडचा वेढा झाला. त्या मोहिमेत वेल्स्लीच्या फौजेला दाणागोटा पुरवणाऱ्यांत बंजाऱ्यांचे तांडे होते.

पुढे १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्याला आगगाडी धावली आणि १८६७ साली ती नागपूरला पोचली. मीठ, कापूस, धान्य आता डब्यांतून जाऊ लागले. बैलाच्या पाठीवरची गोणी उतरली ती कायमची. धंदा गेला, पण हिंडण्याची रीत एका पिढीत कशी सुटावी? नेमक्या याच सुमारास, १८७१ साली, सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो प्रथम उत्तरेत लागू झाला आणि १९११ साली साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानभर पसरला. जमातीत जन्म झाला एवढ्यावरून माणसाचे नाव नोंदवहीत चढे आणि परवान्यावाचून हद्द ओलांडणे हा अपराध होई. ठिकठिकाणी बंजाऱ्यांचे गटही या जाळ्यात सापडले. ज्यांच्या हिंडण्यावर फौजा पोसल्या, त्यांचे हिंडणेच आता संशयाचे झाले.

साहेबाचे हिंडणे मात्र दौरा म्हणून दप्तरात नोंदले जाई आणि त्याचा भत्ताही मिळे. जाईल तेथे त्याने आपला खेळ नेला. गोल्फ मूळचा स्कॉटलंडचा. तिरंदाजीचा सराव मागे पडतो म्हणून १४५७ साली तेथील राजाने त्याला बंदीच घातली होती. तो खेळ १८२९ साली कलकत्त्यात आणि १८४२ साली मुंबईत आपला क्लब घालून बसला. नाशिकला तर मैदानाचेच नाव ‘गोल्फ क्लब मैदान’ पडले. २१ डिसेंबर १९०९ रोजी त्याच शहरात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पुढल्या एप्रिलात ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. आज ते मैदान त्यांच्या नावाने आहे, पण बोलण्यात जुने नाव अजून टिकून आहे. मुंबईत गव्हर्नर विलिंग्डन याच्या कारकीर्दीत गोऱ्यांबरोबर हिंदी सभासदांनाही घेणारा क्लब निघाला. हिरवळीचे दार उघडले खरे, पण ते संस्थानिकांना आणि शेठजींना.

तांड्याचे दार उघडायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. तो कायदा रद्द झाला आणि ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. त्यानंतर अकरा वर्षांनी, १९६३ साली, पुसदजवळच्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीत बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. हे सारे अभिमानाचे आहे.

पण दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच कितीतरी तांड्यांवरची बिऱ्हाडे ऊसतोडीला निघतात. माझ्यासारख्या मास्तरच्या हजेरीपटावर त्यांच्या मुलांचे रकाने चार-सहा महिने कोरे राहतात. आता त्यांना परवाना लागत नाही, मुकादमाची उचल लागते. हौसेने निघालेला आपला प्रवासी त्याच रस्त्यावर त्यांच्या ट्रकला मागे टाकून पुढे जाईल. त्याच्या हौसेचा हेवा करण्याचे कारण नाही. माणसाने जग पाहावेच. मात्र निघावे की घरी राहावे, हे ज्याचे त्याला ठरवता आले तरच रस्ता त्याचा झाला म्हणायचे. त्या ट्रकमध्ये बसलेल्या मुलाचा तो अजून व्हायचा आहे.