पिकअपमधून घरी जळण आणताना: तलकाड परिसरातील लाभार्थ्यांसाठी माहिती

तलकाड व टी. नरसीपूर तालुक्यातील आसपासच्या गावांत गॅस जोडणी असलेल्या घरांतही अंघोळीचे पाणी, जनावरांचे खाद्य आणि सणासमारंभाचा स्वयंपाक बहुधा चुलीवरच होतो. एखाद्या शेतकऱ्याने निलगिरी किंवा सुरू तोडली, नारळाची बाग साफ केली, की जळण स्वस्तात मिळते. चार घरे मिळून पिकअप भाड्याने घेतात आणि वर्षाची बेगमी एका खेपेत होते. यात बेकायदेशीर काही नाही. मात्र लाकूड कोणत्या जातीचे, ते कोणाच्या जमिनीतले आणि गाडीत किती भरले, या तीन गोष्टींपैकी एक जरी चुकली तरी हजार-दोन हजारांच्या जळणापायी दुसऱ्याची गाडी अडकून पडते. ही माहिती म्हैसूर जिल्ह्यात राहणाऱ्या मराठी भाषिक लाभार्थ्यांसाठी आहे. महाराष्ट्रातील नियम जेथे वेगळे आहेत तेथे तसे नमूद केले आहे.

लाकूड कोणाचे, हे आधी पाहा

खाजगी शेतातील झाड तोडण्यासाठी कर्नाटकात कर्नाटक वृक्ष संरक्षण अधिनियम, १९७६ च्या कलम ८ नुसार वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. मात्र काही जातींना यातून सूट आहे. निलगिरी, सुरू, नारळ, सुबाभूळ, सिल्व्हर ओक, गिरिपुष्प, पांगारा, शेवरी, रबर आणि वेडी बाभूळ या सूट असलेल्या जाती आहेत. तलकाडच्या बाजूला जळण म्हणून विकले जाणारे बहुतेक लाकूड यांतलेच असते. कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये निलगिरीच्या नव्या लागवडीला बंदी घातली, परंतु पूर्वीच्या मळ्यांतील झाडांची विक्री हा वेगळा विषय आहे. रेशीम शेतकऱ्यांकडे तुतीच्या काड्या मिळतात. त्या लवकर पेटतात, परवान्याचा प्रश्न येत नाही आणि पुष्कळदा फुकटही मिळतात. आपल्या गावात तुतीची शेती असेल तर प्रथम तेथे विचारावे.

तोडण्याची सूट आहे म्हणून वाहतुकीचा प्रश्न संपला, असे समजू नये. रस्त्यावर गाडी थांबवणाऱ्या कर्मचाऱ्यासमोर फक्त ओंडके असतात. ते कोणत्या सर्व्हे नंबरमधले आहेत, हे त्याला दिसत नाही. त्यामुळे विकणाऱ्याकडून साध्या कागदावर लिहून घ्यावे: त्याचे नाव, गाव, सर्व्हे नंबर, झाडाची जात, अंदाजे वजन, रक्कम, तारीख आणि सही. सोबत त्याच्या जमिनीच्या आरटीसीची प्रत ठेवावी. कर्नाटकातील आरटीसी, म्हणजे पहाणी, हा महाराष्ट्रातील सातबाऱ्यासारखाच उतारा असतो. लाकूड वखारीतून घेतले असल्यास वखारीची पावती पुरते. तीवर गाडीचा क्रमांक आणि वजन लिहून मागावे.

पुढील ठिकाणचे लाकूड कोणी कितीही स्वस्तात देऊ केले तरी घेऊ नये. रस्त्याच्या कडेची झाडे, कालव्याच्या व नदीच्या काठची झाडे, तलावाच्या बांधावरची झाडे ही त्या त्या खात्याची असतात, वाऱ्याने पडली तरीही. पडलेले झाड म्हणजे बेवारस झाड, हा समज गावोगाव आहे आणि सर्वात जास्त लोक यातच अडकतात. तलकाडच्या पंचलिंग दर्शनाच्या वाटेवर वाळूच्या टेकड्यांवर जी झाडी आहे, ती कोणाच्या खाजगी मळ्यातली नव्हे. तेथून मोळीही भरू नये. अभयारण्याच्या हद्दीतून वनोपज काढण्यास वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २९ ने मनाई आहे. वाळलेल्या फांद्यांनाही ती लागू होते.

चंदन, शिसवी आणि साग यांचे एकही खांड ढिगात नाही, याची गाडी भरतानाच खात्री करावी. कन्नडमध्ये चंदनाला श्रीगंध आणि शिसवीला बीटे म्हणतात. विकणारा हे शब्द वापरत असेल तर तो ढीग सोडून द्यावा.

परवाना कोठे मिळतो

ज्या जातींना सूट नाही त्यांच्यासाठी तोडण्याची परवानगी आणि वाहतूक परवाना दोन्ही लागतात. अर्ज वलय अरण्याधिकारी, म्हणजे आपल्याकडील वनपरिक्षेत्र अधिकारी, यांच्या कार्यालयात करावा. अर्जासोबत जमिनीचा उतारा, मालकाचे ओळखपत्र, झाडांची संख्या व जात आणि गाडीचा क्रमांक द्यावा लागतो. अर्ज जमिनीच्या मालकाने करायचा असतो, घेणाऱ्याने नव्हे. ‘परवाना तुम्हीच काढा’ असे विकणारा म्हणाला, तर त्याच्याकडे कागद नाहीत असे समजण्यास हरकत नाही.

केंद्र सरकारने २९ डिसेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय वाहतूक परवाना प्रणाली देशभरासाठी सुरू केली. तीत नियमित जातींसाठी ऑनलाइन परवाना आणि सूट असलेल्या जातींसाठी ना-हरकत प्रमाणपत्र काढता येते. त्यावरील क्यूआर कोड तपासणी नाक्यावर वाचता येतो. निपाणी, बेळगाव, कागल या सीमाभागात एका राज्यातून दुसऱ्या राज्यात लाकूड नेणाऱ्यांना याचा विशेष उपयोग आहे, कारण सुटीच्या जातींची यादी दोन्ही राज्यांत सारखी नाही. महाराष्ट्रात खाजगी झाडांची तोड महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ खाली येते. तलकाडहून गावातल्या गावात जळण आणणाऱ्याला आंतरराज्य परवान्याची गरज नाही.

जंगलातून गोळा केलेले सरपण

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम, २००६ च्या कलम ३(१)(ग) नुसार हक्कधारकांना गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क आहे. कायद्यातील व्याख्येत काटक्या-झुडपे आणि बुंधे यांचा गौण वनोपजात उल्लेख आहे. इमारती लाकूड त्यात येत नाही. इतर पारंपरिक वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षे, त्या वनात किंवा वनजमिनीवर मुख्यतः राहून उपजीविकेसाठी तिच्यावर अवलंबून असल्याचा पुरावा द्यावा लागतो.

वाहनाबद्दल येथे एक महत्त्वाचा बदल लक्षात ठेवावा. २००८ च्या मूळ नियमांत वनोपजाची वाहतूक डोक्यावरून, सायकलवरून किंवा हातगाडीवरून करण्यापुरतीच मुभा होती. ६ सप्टेंबर २०१२ च्या दुरुस्तीने ती मर्यादा काढून ‘योग्य त्या वाहनाने’ वाहतूक करता येईल असे केले. त्याच दुरुस्तीनुसार गौण वनोपजावर स्वामित्वधन किंवा फी घेता येत नाही, आणि वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती किंवा ग्रामसभेने नेमलेली व्यक्ती देते. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाच्या ग्रामसभेला एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक मिळाले, ते याच हक्काचे पहिले ठळक उदाहरण आहे. तलकाडपासून फार दूर नसलेल्या बिळिगिरीरंगन टेकड्यांत, चामराजनगर जिल्ह्यात, सोलिगांच्या २५ ग्रामसभांचे सामुदायिक हक्क २०११ मध्ये मान्य झाले.

हा हक्क मान्यतापत्र असलेल्या गावापुरता व त्या गावाच्या हद्दीपुरता आहे. शहरातून पिकअप घेऊन जाऊन दुसऱ्या गावच्या हक्काखाली जळण भरता येत नाही.

गाडी आणि वजन

भाड्याची गाडी पिवळ्या पाटीची असावी. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीतून भाडे घेऊन माल नेणे नियमबाह्य आहे आणि अपघात झाल्यास विमा कंपनी दावा नाकारू शकते. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ६६(३) नुसार परमिट लागत नाही. नोंदणी, विमा, फिटनेस आणि चालकाचा परवाना मात्र लागतोच.

गाडीत किती भरायचे हे हौद्याच्या आकारावरून ठरवू नये. आरसी पुस्तकात एकूण वजन आणि रिकामे वजन असे दोन आकडे असतात. त्यांच्यातील फरक म्हणजे माणसांसह भरता येणारे वजन. समजा एकूण वजन २,९५० किलो आणि रिकामे १,७०० किलो असेल, तर चालक धरून १,२५० किलो. ओले लाकूड फसवते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते, त्यामुळे फाळक्याच्या उंचीपर्यंतच भरलेली गाडीही क्षमतेच्या पुढे जाते. जास्त वजनासाठी कलम १९४ नुसार २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. माल बाजूने, मागे किंवा वर मर्यादेबाहेर आल्यासही २०,००० रुपये दंड आहे, आणि जादा माल उतरवण्याचा खर्चही द्यावा लागतो. लांब फाटे आधी तोडून हौद्यात मावतील असे करून घ्यावेत. वर ताडपत्री व दोर बांधावा. ढिगावर माणसे, विशेषतः मुले, बसवू नयेत. ‘तोल राहावा म्हणून दोघे वर बसा’ हा सल्ला हमखास दिला जातो. तो ऐकू नये.

गाडी अडवली तर

कर्नाटक वन अधिनियम, १९६३ च्या कलम ६२ नुसार वनगुन्ह्याचा संशय असल्यास लाकडासोबत वाहनही जप्त करता येते, आणि कलम ७१-ए खाली ते सरकारजमा करण्याची कारवाई होऊ शकते. त्याआधी मालकाला लेखी नोटीस देऊन म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. आपल्याला माहीत नसताना गाडी वापरली गेली व आपण योग्य ती काळजी घेतली होती, हे मालकाने दाखवल्यास गाडी वाचू शकते. विक्रीची चिठ्ठी व पावती तेथेच कामी येते.

जागेवर वाद घालू नये, गाडी पळवू नये. महजर, म्हणजे पंचनाम्याची, प्रत मागावी. त्यात लाकडाची जात, नग, अंदाजे वजन व गाडीचा क्रमांक बरोबर लिहिला आहे हे पाहूनच सही करावी. मजकूर कन्नडमध्ये असल्यास वाचता येणाऱ्या व्यक्तीकडून समजून घ्यावा. रक्कम भरावी लागल्यास पावती घ्यावी. पावतीशिवाय दिलेले पैसे दंड ठरत नाहीत आणि प्रकरणही त्यामुळे मिटत नाही. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ ही आहे. महाराष्ट्रातही हाच क्रमांक आहे.

स्वस्त जळण खरोखर स्वस्त आहे का

साध्या चुलीत लाकडाच्या उष्णतेपैकी दहा-बारा टक्केच भांड्याला लागते, गॅसच्या शेगडीत साठ टक्क्यांहून अधिक. या हिशेबाने १४.२ किलोच्या एका सिलिंडरचे काम करायला सुमारे २४० किलो वाळलेले लाकूड लागते. समजा १,००० किलो लाकूड ३,००० रुपयांना मिळाले आणि पिकअपचे भाडे १,२०० रुपये झाले. लाकूड वाळलेले असेल तर एका सिलिंडरएवढे जळण सुमारे १,००० रुपयांना पडले. तेच लाकूड ओले असेल तर वाळून ६०० किलोच उरेल आणि भाव १,६८० रुपयांवर जाईल. एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत सिलिंडर ८५३ रुपयांना होता आणि उज्ज्वला लाभार्थ्याला ५५३ रुपयांना पडत होता. आपल्या गावचे भाव घालून हा हिशेब करून पाहावा. सुधारित चुलीत निम्म्याहून कमी लाकूड लागते, त्यामुळे चूल न बदलता जळण स्वस्तात शोधत राहणे हे उलटे काम आहे. शेतातून फुकट मिळणाऱ्या काड्यांना अर्थात हा हिशेब लागू नाही.

प्रधानमंत्री उज्ज्वला योजना १ मे २०१६ रोजी सुरू झाली. घरात कोणाच्याही नावे गॅस जोडणी नसलेल्या गरीब कुटुंबातील १८ वर्षांवरील महिलेला अर्ज करता येतो. अनामत रक्कम माफ असते. १० ऑगस्ट २०२१ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात पहिला सिलिंडर व शेगडीही मोफत दिली जाते. स्थलांतरित कुटुंबांना शिधापत्रिका व पत्त्याच्या पुराव्याऐवजी स्वघोषणापत्र चालते. कामासाठी महाराष्ट्रातून येऊन तलकाडकडे राहणाऱ्या कुटुंबांनी हे आवर्जून सांगावे, कारण शिधापत्रिका गावाकडे आहे या कारणाने अनेक जणी अर्जच करत नाहीत. २०२५-२६ या वर्षासाठी ९ सिलिंडरपर्यंत प्रत्येकी ३०० रुपये अनुदान मंजूर आहे. ते बँक खात्यात जमा होते. उज्ज्वला मदतवाहिनी: १८००-२६६-६६९६. गॅसगळतीची तक्रार: १९०६.

दोन नेहमीच्या शंका

घरी लाकूड साठवले म्हणून उज्ज्वलाची जोडणी किंवा अनुदान बंद होत नाही. चूल आणि गॅस दोन्ही वापरणारी घरे लाखोंनी आहेत. फक्त सिलिंडर आणि जळणाचा ढीग एकाच खोलीत ठेवू नये.

स्वतःच्या नावावर पिकअप असेल तर बीपीएल कार्ड जाते का? कर्नाटकात चारचाकी वाहन असलेले कुटुंब बीपीएल निकषाबाहेर जाते, परंतु उपजीविकेसाठी स्वतः चालवायचे एक व्यावसायिक वाहन त्यातून वगळलेले आहे. गाडीची नोंदणी व्यावसायिक असल्याचे आरसी पुस्तक पडताळणीच्या वेळी दाखवावे. गाडी पांढऱ्या पाटीची असेल तर ही सूट मागता येणार नाही.