पहिला नग

विळीवर नारळ खवणाऱ्या बाईचे हात आपण कधी लक्ष देऊन पाहिले आहेत का? खवणी जागची हलत नाही. हलते ती नारळाची वाटी. बाई ती पुढे लोटते, मागे ओढते, डावी-उजवी सरकवते, खाली दाबते. पण एवढ्याने भागत नाही. त्याच वेळी ती मनगटात वाटी फिरवीत असते, आणि कड जवळ आली की वाटी कलती करते. दाते खोबऱ्यालाच लागावेत, करवंटीला लागू नयेत. नाहीतर पांढऱ्याशुभ्र खोबऱ्यात काळे कण उतरतात. सरळ रेषेतल्या तीन हालचाली आणि फिरवण्याच्या दोन, अशा पाच हालचाली ती एकदम सांभाळते. तेही शेजारणीशी बोलता बोलता!

यंत्रविद्येत अशा प्रत्येक हालचालीला एक अक्ष मानतात. म्हणजे नारळ खवणे हे पाच अक्षांचे काम झाले. विमानाच्या इंजिनातली पात्यांची चक्रे, जहाजाचे पंखे अशा वळणावळणाच्या वस्तू आज कारखान्यात याच तऱ्हेने कापल्या जातात. मनगटाच्या जागी तेथे मोटारी असतात, आणि मोटारींना हुकूम देतात ते आकडे. पुण्या-कोल्हापूरकडच्या कारखान्यांत गेलेली आपली मुले सणाला घरी आली म्हणजे "मी सीएनसीवर आहे" असे सांगतात. सीएनसी म्हणजे संगणकामार्फत आकड्यांवर चालणारे यंत्र. हे आकडे यंत्रावर कसे आले, आणि आकडा चुकला तर कोण निस्तरतो, याची हकिगत आज सांगावयाची आहे.

हकिगत सुरू होते अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटी या गावी. गाव चेरीच्या बागांसाठी प्रसिद्ध. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे जॉन पार्सन्स नावाचे गृहस्थ एका बंद पडलेल्या फर्निचरच्या कारखान्यात हेलिकॉप्टरची पाती बनवू लागले. हेलिकॉप्टरचे पाते म्हणजे साधी फळी नव्हे. त्याचा छेद माशासारखा असतो, पुढे फुगीर आणि मागे निमुळता. या वळणात चूक राहिली तर वरच्या माणसाच्या जिवाशी गाठ. वळण बरोबर आहे की नाही हे ताडून पाहण्यासाठी पोलादी नमुना लागतो, आणि तो नमुना करणे हीच खरी अडचण होती. आराखड्यावर १७ बिंदू दिलेले असत. मधली वळणे कारागिराने नजरेने जोडावयाची आणि कानशीने घासून काढावयाची.

१९४६ साली फ्रँक स्टुलेन हे इंजिनियर पार्सन्सकडे आले. त्यांनी एक वेगळीच युक्ती काढली. त्या काळी हिशेबनिसांसाठी भोके पाडलेल्या पत्त्यांवर चालणारी गणिती यंत्रे असत. ती त्यांनी पात्याच्या गणिताला जुंपली. मग पार्सन्सनी विचारले, १७ च्या ऐवजी २०० बिंदू काढून मिळतील काय? मिळाले. आणि नुसते बिंदू नव्हे, कापणाऱ्या हत्याराची जाडी वजा करून, हत्याराचा मध्य नेमका कोठे न्यावयाचा त्या जागा मिळाल्या. हे आकड्यांचे तक्ते यंत्राजवळ आणले गेले. एक माणूस मोठ्याने आकडे वाची. दुसरा एका दिशेचे चाक फिरवी, तिसरा दुसऱ्या दिशेचे. दोन्ही आकडे जुळले की हत्यार खाली आणावयाचे, कापावयाचे, वर न्यावयाचे, की पुढचा आकडा. आपल्या शिक्षक बंधुभगिनींना संध्याकाळची परवचा आठवेल! अशी २०० भोके पाडून झाली की मधले बारीक कंगोरे तेवढे कानशीने घासावे लागत.

आता हे आकडे माणसाने वाचावयाचे तरी कशाला? पत्त्यांवरची भोके यंत्रानेच वाचली तर? पार्सन्सच्या मनात हा विचार आला आणि अमेरिकेच्या हवाई दलाला तो पटला, कारण नव्या जेट विमानांच्या पंखांची आवरणे एका अखंड जाड पत्र्यातून कोरून काढावयाची होती. १९४९ साली त्यांना २ लाख डॉलरचे काम मिळाले. मोटारींच्या नियंत्रणाच्या भागासाठी त्यांनी मॅसॅच्युसेट्समधल्या एमआयटी या प्रसिद्ध संस्थेची मदत घेतली. पुढे काय झाले ते आपल्याकडे गावोगाव घडते तेच झाले. मदतीला बोलावलेला पाहुणा घरधनी होऊन बसला. पार्सन्सना बिंदू-बिंदूने कापणारे साधे यंत्र हवे होते. संस्थेतल्या विद्वानांना तिन्ही अक्ष सतत एकदम चालवावयाचे होते. काम संस्थेकडे गेले, पार्सन्स मागे पडले. पेटंट मात्र पार्सन्स आणि स्टुलेन यांच्या नावावर १९५८ साली नोंदले गेले, आणि १९८५ साली अमेरिकन सरकारने पार्सन्सना तंत्रविद्येचे राष्ट्रीय पदक दिले. उशिरा का होईना, मान मिळाला.

संस्थेने १९५२ च्या सप्टेंबरात आपले यंत्र लोकांना दाखविले. मिलिंगचे एक मोठे यंत्र, शेजारी कपाटांची रांग, आणि त्यात अडीच-तीनशे व्हॉल्व्ह. आपल्या जुन्या रेडिओत चार-पाच व्हॉल्व्ह असत आणि त्यातला एक गेला की गाणे बंद पडे, हे आठवले म्हणजे या कपाटांपुढे बसणाऱ्याचे हाल ध्यानात येतील. पण यंत्र चालले. भोके पाडलेली कागदी फीत आत सरकत गेली, तिन्ही अक्ष एकदम हलले, आणि चाकाला कोणाचा हात न लागता धातू वळणदार कापला गेला.

येथे थोडे थांबू या. त्याच सुमारास, १९४६-४७ साली, जनरल इलेक्ट्रिक कंपनीत दुसरी एक रीत करून पाहिली गेली होती. तीत पहिला नग कसलेल्या कारागिराने स्वतःच्या हाताने करावयाचा. त्याच्या हाताच्या सगळ्या हालचाली फितीवर टिपावयाच्या, गाणे टिपून घ्यावे तशा. मग ती फीत लावली की पुढचे नग यंत्र त्याच्याच चालीने करील. ही रीत मागे पडली. डेव्हिड नोबल या इतिहासकाराने १९८४ साली एक ग्रंथ लिहून असे मांडले की ती मागे पाडली गेली, कारण मालकांना कसब कारागिराच्या हातातून काढून कचेरीच्या टेबलावर आणावयाचे होते. या म्हणण्यात तथ्य आहे. पण पुरते नाही, असे मला वाटते. विमानाच्या पंखाचे वळण कितीही कसलेला कारागीर पहिल्या खेपेला हाताने तंतोतंत कापू शकत नव्हता. मग टिपावयाचे काय? मात्र कारागिराला बाजूला सारल्यावर एक प्रश्न उरला तो उरलाच. फितीवर एक भोक चुकले तर? यंत्राला ना आवाज ऐकू येत, ना धातू करपल्याचा वास. ते चुकीच्या आकड्यालाही तितक्याच इमानाने पाळते.

शिवाय आकडे काढणे हे महाकर्म होते. एकेका बिंदूचे गणित हाताने करता करता माणसे मेटाकुटीस येत. त्यावर डग्लस रॉस आणि त्यांच्या सोबत्यांनी, विमान कंपन्यांच्या साहाय्याने, एपीटी नावाची एक सांकेतिक भाषा तयार केली. या भाषेत 'या वर्तुळाला धरून डावीकडे जा', 'या रेषेपर्यंत मागे ये' असे सांगावयाचे, आणि बिंदूंचे गणित संगणकाने करावयाचे. वाट विचारणाऱ्याला आपण जसे सांगतो, तसेच. २५ फेब्रुवारी १९५९ रोजी वार्ताहरांना बोलावून ही विद्या जाहीर करण्यात आली आणि प्रत्येकाच्या हाती या रीतीने कापलेले अ‍ॅल्युमिनियमचे एकेक रक्षापात्र ठेवण्यात आले. एवढा खटाटोप विडीची राख झाडायला, असे कोणाच्या मनात आले असेल तर नवल नाही.

तीन अक्षांवरून पाचांवर गेले की गणिताची जातच बदलते. हत्याराचे टोक कोठे आहे एवढे सांगून चालत नाही. ते कोणत्या दिशेने कलले आहे तेही सांगावे लागते. पुन्हा प्रत्येक यंत्राची ठेवण निराळी. एकात टेबल फिरते आणि कलते, दुसऱ्यात हत्यार धरणारे डोकेच कलते. एकच वाट, पण या यंत्राला लागणारे आकडे त्या यंत्राला चालत नाहीत. म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो. कागदावरच्या वाटेचे त्या त्या यंत्राच्या बोलीत रूपांतर करणारी ती वेगळी आज्ञावली असते, आणि दुभाषी चुकला तर काय होते ते कोर्टात साक्ष दिलेल्या कोणालाही विचारा.

या विद्येचे मोल केवढे, ते १९८७ साली जगाने पाहिले. तोशिबा समूहातल्या एका जपानी कंपनीने जहाजांचे पंखे कापणारी नऊ अक्षांची यंत्रे लेनिनग्राडच्या गोदीला गुपचूप विकली होती, आणि त्यांना आकडे पुरवणारी नियंत्रणे नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीने दिली होती. यामुळे रशियन पाणबुड्यांचे पंखे आवाज न करता फिरू लागले, असा अमेरिकेचा आरोप. त्या आधीच शांत होऊ लागल्या होत्या, असेही जाणकार सांगतात. पण राग इतका की अमेरिकन लोकसभेच्या काही सभासदांनी संसदेच्या हिरवळीवर तोशिबाचा एक रेडिओ घणाने फोडला. यंत्राचा राग बिचाऱ्या रेडिओवर!

आता पहिल्या नगाकडे येऊ. आकडे तयार झाले, यंत्रात भरले. लगेच बटण दाबावयाचे नसते. आधी संगणकाच्या पडद्यावर सगळे काम खोटे खोटे कापून पाहतात. मग यंत्र हवेत फिरवतात. हत्यार आहे त्यापेक्षा बोटभर लांब आहे असे यंत्राला सांगावयाचे, म्हणजे ते धातूपासून तेवढेच दूर राहून नुसत्या हालचाली करते. तीन अक्षांत ही युक्ती छान चालते. पाच अक्षांत ती अर्धवट फसवी आहे. हत्याराचे टोक बरोबर वाटेवर असते, पण टेबल कलल्यावर हत्यार ज्यात बसवले आहे ती मूठ पकडीला आपटते. आणि सगळेच लांब धरल्यामुळे हवेत फिरवताना ही टक्कर दिसतच नाही. दुसरी खोड अशी की हत्यार अगदी उभे होत आले की, बोटभर वाट बदलण्यासाठी टेबलाला एकाएकी अर्धा फेरा मारावा लागतो. पाहणारा दचकतो. म्हणून महागड्या धातूच्या आधी मेणावर किंवा हलक्या फोमच्या ठोकळ्यावर कापून पाहतात, आणि शेवटी खऱ्या धातूवर एकेक ओळ, थांबून थांबून.

मी तांत्रिक शाळेत शिकवीत असताना मुलांना घेऊन एका कारखान्यात गेलो होतो. एका तरुण प्रोग्रॅमरने नव्या कामाचे आकडे आणून दिले होते. यंत्रापाशी साठीला टेकलेले एक सेटर होते. शिक्षण सातवी, सगळे त्यांना मामा म्हणत. मामांनी वेगाचे बटण शेकडा पाचावर आणले, एका वेळी एकच ओळ चालेल असे केले, आणि डावा हात थांबवण्याच्या बटणावर ठेवला. तो हात पुढचे तीन तास तेथून हलला नाही. एका ओळीपाशी ते थबकले. हत्यार कामाच्या वर ५० मिलिमीटर उचलून मग आडवे न्यावयाचे होते. हत्यार जागचे हलल्यासारखेच दिसेना.

"साहेब, टिंब कुठं गेलं?" मामा म्हणाले.

त्या यंत्राचा नियम असा होता की ५० पुढे दशांश चिन्ह दिले तर ५० मिलिमीटर. नाही दिले तर मिलिमीटरचा हजारावा भाग धरून ५०. म्हणजे जेमतेम केसाची जाडी! पुढची ओळ भरधाव आडवी जाणारी होती, आणि वाटेत चार बोटांवर पोलादी पकड उभी होती. पोराचा चेहरा पांढरा पडला. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी टिंब घातले, आधीच्या सगळ्या ओळी पुन्हा वाचावयास त्यालाच शेजारी बसवले, आणि आणखी दोन ठिकाणी तीच चूक त्याच्याकडूनच शोधून घेतली.

माझ्या एका विद्यार्थ्याने विचारले, "मामा, तुम्हाला पाच अक्षांचे गणित येते का?" ते म्हणाले, "गणित ह्याला येतंय. मला फक्त आता काय हलायला पाहिजे आणि काय नाही, एवढं ठाऊक असतंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला नग उतरला. मामांनी तो पुसून घेतला, मोजला, एका भोकाची जागा मिलिमीटरच्या दोन शतांशांनी सरकवून घेतली. दुसरा नग लावला, आणि वेगाचे बटण पहिल्यांदाच शंभरावर नेले.