फेरारी, फियाट आणि पांढरा हत्ती

ऑफिसातल्या एका मित्राला सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायची आहे. परवा जेवताना त्याने मोबाईल माझ्या पुढ्यात सरकवला. नव्या एसयूव्हीच्या किमतीत जुनी जर्मन टू-सीटर, रंग लाल. "बोल, काय वाटतं?" मी म्हटलं, सोमवारी सांगतो. शनिवार-रविवार घरी, म्हणजे रत्नागिरीला जायचं होतं. उत्तर तिथेच सापडलं.

आमच्या गावात थिबा राजवाडा आहे, हे बहुतेकांना माहीत असतं. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून उतरवलं आणि 1886 मध्ये सहकुटुंब रत्नागिरीत आणून ठेवलं. राजवाडा तयार झाला 1910 मध्ये, आणि 1916 मध्ये राजा वारला. म्हणजे तीस वर्षांच्या कैदेतली शेवटची जेमतेम सहा वर्षं त्या वाड्यात! तनखा पुरायचा नाही, राजेशाही खर्च सुटायचा नाही, मग सोबत आणलेली रत्नं एकेक करून विकली गेली.

गंमत अशी की ब्रह्मदेशाचे राजे स्वतःला पांढऱ्या हत्तींचे स्वामी म्हणवून घ्यायचे. शेजारच्या सयामबद्दल एक गोष्ट सांगतात (इतिहासात पुरावा नाही, पण गोष्ट झकास आहे). ज्या सरदारावर राजाची खप्पा मर्जी होई, त्याला म्हणे पांढरा हत्ती भेट मिळायचा. पवित्र प्राणी! कामाला जुंपता येत नाही, विकता येत नाही, आणि पोसता पोसता सरदाराचं दिवाळं.

आता आपल्याकडचा सगळ्यात गाजलेला पांढरा हत्ती. तो लाल होता.

एप्रिल 2002 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला सचिनने कसोटीतलं 29वं शतक ठोकून ब्रॅडमनची बरोबरी केली. फियाटने त्याला फेरारी 360 मोडेना भेट दिली. जुलैमध्ये सिल्व्हरस्टोनला खुद्द मायकेल शूमाकरने किल्ली हातात ठेवली. पुढे 2003 मध्ये आयात कराचा प्रश्न आला. कराची रक्कम गाडीच्या किमतीपेक्षाही जास्त! सरकारने तो माफ केला, त्यावर ओरड झाली, प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी कर फियाटने भरला. 2011 मध्ये ती गाडी सुरतेच्या एका व्यावसायिकाकडे गेली. 2012 मध्ये राजेश मापुसकरांच्या 'फेरारी की सवारी'त आपण सगळ्यांनी ती पाहिली.

म्हणजे भारतातली सर्वात प्रसिद्ध 'सेकंडहँड स्पोर्ट्स कार' हीच. आणि फेरारी भारतात अधिकृतपणे आली ती 2011 मध्ये. त्याआधीच्या मालकांनी सुटे भाग कुठून आणले असतील, विचार करा.

मग मी 360 मोडेनाची दुखणी वाचत बसलो (रात्रीचे दोन वाजले, आईच्या शिव्या खाल्ल्या). मागे बसवलेलं 3.6 लिटरचं व्ही-8 इंजिन, 400 अश्वशक्ती, 8500 आरपीएम. सुंदर प्रकरण आहे. पण:

एक, टायमिंग बेल्ट. गाडी चालवा अगर झाकून ठेवा, साधारण तीन वर्षांनी बदलायचा. तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनच गेलं. आधीच्या 355 मध्ये यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागे. 360 मध्ये सीटच्या मागच्या झाकणातून काम होतं. तरीही अमेरिकेतल्या बाहेरच्या गॅरेजमध्येसुद्धा बिल हजारो डॉलर्सचं.

दोन, क्लच. स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी गिअर बदलणाऱ्या 'एफ-1' गिअरबॉक्समध्ये क्लच हायड्रॉलिक पंप दाबतो. ट्रॅफिकमध्ये रांगत राहिलात की क्लच भराभर झिजतो आणि पंपही थकतो. हिंजवडीच्या सिग्नलला उभी केलीत तर कल्पना करा.

तीन, एक्झॉस्ट. मॅनिफोल्डला तडे जातात, आतल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा चुरा होतो, आणि तो उलटा इंजिनात ओढला गेला तर संपलंच.

चार, आतली प्लॅस्टिकची बटणं. कालांतराने गुळासारखी चिकट होतात. उष्ण, दमट हवेत आणखी लवकर. आमच्या कोकणात तर विचारूच नका.

कोकणचे खड्डे, स्पीडब्रेकर आणि जमिनीपासून वीतभरही उंच नसलेली गाडी, हा आणखी वेगळा विषय.

याच फियाटची दुसरी गाडी आमच्या घरी होती. 1964 पासून कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट 1100 डी बनायची, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. आंबा घाटात तापून बंद पडली की बाबा पेट्रोल पंपावर ओला फडका टाकायचे, आम्ही भावंडं कठड्यावर बसून शेंगा खायचो, आणि पंधरा मिनिटांत गाडी चालू. बाकी काही झालं तर नाक्यावरचा मेस्त्री होताच. "भाऊ, सांजच्याला घेऊन जावा," एवढंच म्हणायचा. पार्ट कुठल्याही दुकानात मिळायचा. मुंबईच्या रस्त्यांवर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 पर्यंत धावली, ती काही उगाच नाही. ती वेगवान नव्हती, पण तिला दुरुस्त करू शकणारी माणसं गावोगाव होती.

माझ्या मते खरा मुद्दा हाच. जुनी महाग गाडी विकताना तिची किंमत घसरते, पण तिच्या क्लचची किंमत घसरत नाही. गाडी सेकंडहँड असते, बिल नव्या गाडीचंच येतं. आमच्या धंद्यात याला लेगसी सिस्टिम म्हणतात. लायसन्स स्वस्तात मिळतं आणि मग मेंटेनन्स आयुष्यभर मानगुटीवर बसतो.

सोमवारी मित्राला एवढंच सांगितलं. सर्व्हिसची सगळी बिलं माग, नसतील तर उठून ये. इंजिनची कॉम्प्रेशन टेस्ट कर. लॅपटॉप जोडून क्लच किती उरलाय ते बघ. आणि निम्मी किंमत पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेव. उरलेल्या निम्म्यात जी गाडी बसेल, ती तुझी.

तो बराच वेळ गप्प होता. गृहकर्ज आहे, मुलीची शाळा जूनमध्ये सुरू होतेय. मग म्हणाला, "म्हणजे नको घेऊ?"

मी नको म्हटलं नाही. लहानपणापासून भिंतीवर लावलेलं पोस्टर असं हिशेब मांडून उतरवता येत नाही. फक्त घेतलीच, तर पहिली फेरी रत्नागिरीला आण म्हटलं. राजवाड्यासमोर उभी करून फोटो काढू.

हत्ती आपल्या स्वामींच्या दारात शोभेल.